बाल्कनीतलं तांब्याचं कडं

आमच्या सोसायटीच्या फलकावर एक नियम अख्ख्या इमारतीत फक्त माझ्यासाठी लिहिला गेला आहे. 'छत पर किसी भी प्रकार का तार बाँधना सख्त मना है.' बाकीच्यांना वाटतं, कपडे वाळवायच्या दोरीबद्दल असेल. मला मात्र जिना चढताना-उतरताना तो नियम नाव घेऊन हाक मारतो, आणि खरं सांगू का, थोडा अभिमानही वाटतो. सगळ्यांच्या नशिबी स्वतःचा नियम नसतो.

मी हौशी रेडिओवाला. परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, घरच्या टेबलावरून शॉर्टवेव्हवर बोलणारा माणूस. मोबाईल असताना हे काहून, असं मला विचारतात. मी उत्तर देत नाही. पतंग उडवणाऱ्याला कोणी विचारतं का, की कागद वर पाठवायला दुसरी सोय नाही का म्हणून?

रोज सकाळी सात वाजता विदर्भातल्या आणि विदर्भातून बाहेर फेकल्या गेलेल्या मराठी रेडिओवाल्यांची हवेत हजेरी लागते. तिला आम्ही नेट म्हणतो. वर्ध्याकडे राहणारे एक रिटायर तारमास्तर ती हजेरी घेतात. माझे वडील रेल्वेत होते, त्यांच्याच स्टेशनावर हे मास्तर. त्यांनीच मला शाळकरी वयात मोर्स शिकवलं, चुकीला एक पट्टी या दरानं. पुढे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, खात्यांना माणसं लागली, त्यात मी इकडे आलो आणि इथलाच झालो. आता घरात मराठी बोलायला बायको. पोरीशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर देते. उरलं ते सकाळचं नेट. तिथं मास्तरांनी एकेकाला पुकारावं, आपण 'हाजिर' म्हणावं, मास्तरांनी आवाज कसा येतो ते सांगावं, संपलं. दहा-पंधरा मिनिटांचा कारभार. पण त्या हजेरीत आपला आवाज लागला नाही, तर दिवसभर चप्पल उलटी घातल्यासारखं वाटतं.

तर माझा तार गच्चीवर होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मस्त ताणलेला. बांधला मीच होता, त्यामुळे पहिल्याच मोठ्या आंधीत तो सुटला. सुटला तो सुटला, आणि पडला नेमका सोसायटीच्या अध्यक्षांच्या मिसेसनी वाळत घातलेल्या रखिया बडींवर. रखिया बडी म्हणजे कोहळ्याचे सांडगे. वर्षाचे. खाटेवर धोतर पसरून ओळीनं घातलेले. माझा तार त्यांच्यावरून असा फरफटत गेला की खाटेवर सांडग्यांचा चुराच राहिला.

अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त. विजेतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि रेडिओतलं काही कळून घ्यायचं नाही, हा त्यांचा निश्चय. त्याच संध्याकाळी नियम फलकावर लागला. वर त्यांनी हेही सांगितलं की त्यांच्या टीव्हीत ज्या आडव्या रेघा येतात त्या माझ्यामुळेच. मी म्हटलं, भैया, तार तर जमिनीवर पडला आहे, मग आता कशा येतात? ते म्हणाले, असर बाकी है.

मी मास्तरांना फोन केला. वाटलं, धीर देतील.

"सोडून दे आता," मास्तर म्हणाले. "फ्लॅटमंधी रेडिओ होत नसते. भजनी मंडळ पाह्य एखादं."

मी म्हटलं, छोटा अँटेना करतो. तांब्याच्या नळीचं गोल कडं, बाल्कनीत मावेल असं. परदेशात लोक त्यावरून बोलतात.

"कडं हवेत काई फेकत नसते. नुसतं गरम होते. आंघोळीचं पाणी ठेव त्याच्यावर."

तिथंच ठरलं. मला कोणी नाही म्हटलं की माझ्यातला समजूतदार माणूस उठून बाहेर जातो आणि दार लावून घेतो.

गुढियारीत एक एसी दुरुस्त करणारे होते, त्यांच्याकडून तांब्याची नळी गोल वाकवून घेतली. कडं झालं दीड मीटर रुंद. ते घरी कसं न्यायचं, याचा विचार मी केलेला नव्हता. मग गळ्यात घातलं आणि स्कूटरवर बसलो. डोकं आणि एक हात कड्यातून बाहेर, दुसरा हात हँडलवर. रस्ता पंडरीच्या कापडबाजारातून. तिथं गर्दीत गाडी अडली आणि दुकानदार विचारायला लागले, भैया, झांकी का सामान है क्या? झांकी म्हणजे मिरवणुकीतला देखावा. मी इकडच्या बोलीत म्हटलं, हव, म्हणजे हो. एकानं तर त्याला गुंडाळायला लाल साटीन दाखवलं.

बाल्कनीत कडं टांगल्यावर पोरीनं विचारलं, "पापा, ये हुला-हूप किसका है?" बायको चार पावलं मागे गेली, मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाली, "टॉवेल वाळते का याच्यावर?"

आता या कड्याचं एक समजून घ्या, म्हणजे माझ्या पुढच्या पराक्रमांची किंमत कळेल. लांब तार म्हणजे साधा भोळा माणूस. कुठंही लावा, चालवून घेतो. छोटं कडं म्हणजे नवा जावई. ते एका नेमक्या सुरावरच खूश असतं, त्या सुराच्या जरा इकडे-तिकडे गेलं की तोंड फिरवतं. तो सूर लावायला कड्याच्या दोन टोकांमध्ये एक कंडेन्सर असतो, धातूच्या पत्र्यांच्या दोन जुड्या, एकमेकींत शिरणाऱ्या पण न शिवणाऱ्या. त्यातली एक फिरवली की सूर बदलतो. जुन्या रेडिओत काटा फिरवायला असतो तोच, आपले मिस्त्री ज्याला गँग म्हणतात तो.

मी आधी जुन्या रेडिओतलाच गँग लावला. बटण दाबून बोलायला तोंड उघडलं, आणि बाल्कनीत चट्ट आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. पाठवताना त्या पत्र्यांवर हजारांनी व्होल्ट चढतात; ऐकायच्या रेडिओतला बिचारा गँग, त्यानं असलं काही पाहिलेलंच नव्हतं. बायको तेव्हा तुळशीला पाणी घालत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि त्या दिवसापासून मी रेडिओला बसायच्या आधी आरोळी द्यायची, असा घरातला नियम झाला. बाल्कनीच्या दाराला कडीही लागली. मग मी अॅल्युमिनियमचे पत्रे कापून, दूर दूर बसवून, मोठा कंडेन्सर केला. तो ठिणगी देईना.

पण सूर लावणार कसा? हातानं मूठ फिरवली, रेडिओतली खरखर एकदम फुगली, म्हणजे सूर लागला. आनंदानं खुर्चीपर्यंत आलो, तर सूर गेलेला. परत गेलो, लागला. परत आलो, गेला. कड्याजवळ उभं राहिलं की आपलं अंगही त्याच्या हिशोबात धरलं जातं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं कामाच्या वेळी आठवत नाही, ही माझी जुनी खोड. मग घरातली जाळी काढायची लांब काठी मुठीला बांधली, आणि खोलीत बसून, दाराच्या फटीतून, तराफा वल्हवावा तसा अँटेना जुळवायला लागलो. त्यातही सकाळी सात वाजता रायपूरचं ऊन थेट बाल्कनीत. पत्रे तापायचे, फुगायचे, आणि लागलेला सूर पाच-सात मिनिटांत सरकायचा. मास्तरांनी पुकारेपर्यंत तर नक्कीच.

तेव्हा मी ठरवलं की हे काम माणसाचं नाही, यंत्राचं आहे. नव्या राजधानीत कचेऱ्या आल्या तेव्हा ट्रकांतून फायलींबरोबर जुने, करकरणारे प्रिंटरही आले होते. त्यांची सद्दी संपली आणि ते भनपुरीच्या भंगारवाल्यांकडे पोचले. त्या प्रिंटरांत कागद सरकवणारी मोटर असते, एका वेळी एक बारीक पाऊल टाकणारी, सांगितलं तेवढंच फिरणारी. तसली एक आणली, कंडेन्सरच्या मुठीला प्लॅस्टिकच्या दांडीनं जोडली. रेडिओतून गेलेली ताकद किती कड्यात शिरली आणि किती नकार खाऊन परत आली, हे मोजणारं मीटर असतं. त्याची खबर एका छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीला, म्हणजे सर्किट बोर्डाला, दिली. पाटीत प्रोग्राम मी लिहिला. परत येणारी ताकद वाढली की मोटर फिरव, कमी झाली की थांब.

इथपर्यंत मी हुशार होतो. पुढं जास्त हुशार झालो.

ताकद मोजायची तर ती आधी पाठवायला हवी. म्हणून मी पाटीला सांगून ठेवलं की दर थोड्या वेळानं तूच रेडिओचं बटण दाब, अगदी जराशी ताकद सोड, पाच वॅट, मोजून घे, सूर जुळव आणि सोडून दे. म्हणजे माझी पाळी येईल तेव्हा कडं तयार. पाच वॅट म्हणजे किती? देवघरातला छोटा दिवा. त्यात सगळ्यांनी सांगितलेलं की कड्यातून काही बाहेर जातच नाही. बाल्कनीच्या कठड्यापर्यंत पोचलं तरी पुष्कळ, असं मी धरून चाललो.

नेटवर मात्र मी अजून तोंड उघडलेलं नव्हतं. तार पडल्यापासून गप्पच होतो. ठरवलं होतं की सगळं बिनचूक झाल्यावर एकदम हजर व्हायचं आणि मास्तरांना खुर्चीवरून पाडायचं. तोवर रोज सकाळी ऐकत बसायचो. हजेरीत माझ्याबद्दल बोलणं व्हायचं. बिचारा फ्लॅटमध्ये गेला. चांगला होता. स्वतःच्या पश्चात काय बोलतात हे ऐकण्याचा योग फार थोड्यांना येतो. मी चहा पीत ऐकला.

याच सुमारास नेटवर शिट्टी यायला लागली. हजेरी चालू असताना मध्येच, कोणाच्याही बोलण्यावर, कुईंऽऽ अशी. जरा वेळ राहून बंद. पाच-सात मिनिटांनी पुन्हा. लोक वैतागले. कोणी म्हणालं मुद्दाम त्रास देतो आहे, कोणी म्हणालं पुण्याकडचा असेल. आमच्या धंद्यात चालू बोलण्यावर येऊन आपला सूर लावत बसणं यासारखं पाप नाही. देवळात आरती चालू असताना मध्ये घुसून आपला पेटीचा रियाज करावा तसं.

मला राग आला. फार आला. एवढंच वाईट वाटायचं की ती शिट्टी मला स्वतःला एकदाही ऐकू येत नव्हती. लोक म्हणायचे, आली बघा, आणि माझ्याकडे त्या वेळी सगळं शांत. मी त्याचं शास्त्रीय कारण शोधलं. लहरी आकाशातून उडी मारून जातात, मधला काही टापू सुटतो, रायपूर त्या टापूत येत असावं. असली कारणं मला चटकन सुचतात.

मास्तरांना मदत करावी म्हणून एका सकाळी, नेट चालू असतानाच, मी त्यांना फोन लावला. दुसरा कोणी बोलत होता, मास्तर मोकळे होते. फोनमधून त्यांच्या रेडिओचा आवाजही येत होता. मी सुरू झालो. मास्तर, हा माणूस रेडिओ चालवायच्या लायकीचा नाही. याचा परवाना काढून घेतला पाहिजे. याला शिकवलं कोणी, याच्या मास्तरालाच आधी धरलं पाहिजे...

तेवढ्यात बाल्कनीत मोटर फिरली. कर्रर्र. आणि माझ्या कानाशी, फोनमधून, वर्ध्याकडच्या मास्तरांच्या रेडिओतून आवाज आला. कुईंऽऽ.

मोटर थांबली. शिट्टी थांबली.

बायको पोह्यांची परात घेऊन दारात उभी होती, तिनंही दोन्ही आवाज ऐकले होते.

"तुह्या घरी काय वाजून राहिलं रे?" मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, काही नाही, मिक्सर.

"मिक्सर बंद आहे," बायको मागून म्हणाली. मोठ्यानं.

पाठवताना आपला रेडिओ बहिरा होतो. शिट्टी मला ऐकू येत नव्हती कारण ती मी वाजवत होतो. इतक्या साध्या गोष्टीला मी आकाशातल्या लहरी लावल्या होत्या.

मास्तर जे बोलले त्यातलं बरंचसं इथं लिहिता येणार नाही. थोडक्यात, त्यांच्या काळात अशा माणसाला सिग्नलच्या खांबाला बांधत. आता मी ती मोटर काढून फेकायची, ते कडं भंगारात द्यायचं, आणि वयाला शोभेल असं काही करायचं.

लाजेनं माझे कान तापले होते. पण कान तापलेले असतानाच डोक्यात दुसरं काहीतरी पेटलं.

"मास्तर," मी म्हटलं, "कशी येत होती शिट्टी? आकडा सांगा."

"काहून?"

"सांगा तर."

मास्तर खोटा आकडा देत नाहीत. पट्टी मारणारा माणूस, मापात खोटं चालत नाही. म्हणाले, "पाच-नऊ." म्हणजे समोर बसून वाजवल्यासारखी.

"ते पाच वॅट होते. त्याच कड्यातून, ज्याच्यावर तुम्ही पाणी तापवायला सांगत होते. ज्यातून काही बाहेर जात नाही. मी मोटर काढणार नाही मास्तर. शिट्टी काढतो."

"शिट्टी काढतो म्हणे," मास्तर म्हणाले. "रविवारी ये नेटवर. एकदा जरी वाजली, तर मी तुले हजेरीतून काढलंच समज. आपल्या हातानं."

आणि संकटं आमच्याकडे जोडीनं येतात. त्याच आठवड्यात अध्यक्षांनी खाली रस्त्यावर उभं राहून वर पाहिलं आणि त्यांना कडं दिसलं. घरी आले. म्हणाले, भाई साहब, ये राजधानी है, सामने से वीआईपी गाड़ियाँ जाती हैं, बिल्डिंग का एलिवेशन बिगड़ रहा है. शिवाय टीव्हीतल्या रेघा. मी म्हटलं, नियम छतावर तार न बांधायचा आहे. हे छत नाही, आणि हा तार नाही, नळी आहे. ते म्हणाले, भावना समझिए. मी म्हटलं, भावना फलकावर लिहिलेली नाही.

शेवटी मीच बोललो, आणि बोलल्यावर लक्षात आलं की काय बोलून बसलो. रविवारी सकाळी सात वाजता माझ्या घरी या. वहिनींना तुमच्या घरी टीव्हीसमोर बसवा. मी बोलत असताना रेघा आल्या तर कडं मी स्वतः उतरवतो.

म्हणजे एकाच सकाळी एकाच कड्यावर दोन फाशा. मास्तरांची वेगळी, अध्यक्षांची वेगळी.

शिट्टीचा इलाज माझ्या नाकासमोर होता, काठीनं वल्हवत होतो तेव्हापासून. सूर लागला की रेडिओतली खरखर फुगते. मग ताकद सोडून मोजायचंच कशाला? नुसतं ऐकायचं. मी पाटीला बोलायचं बंद करून ऐकायला शिकवलं. मोटर पाऊल टाकेल, पाटी खरखर ऐकेल, सर्वांत जास्त जिथं फुगेल तिथं मोटर थांबेल. हवेत काही जायचं नाही. ही अक्कल पाटीला यायला चार दिवस लागले. मला अजून यायची आहे, असं बायकोचं म्हणणं.

रविवारी अध्यक्ष आले. सोफ्यावर बसले. बायकोनं पोहे दिले. ते त्यांनी तपासून खाल्ले. मोबाईल कानाला, पलीकडे त्यांच्या मिसेस. मी आरोळी दिली, दाराची कडी लावली, रेडिओ चालू केला.

हजेरी सुरू झाली. ऊन बाल्कनीत उतरलं. कर्रर्र. नेटवर बोलणारा बोलत राहिला. कोणी अरे म्हणालं नाही. पुन्हा कर्रर्र. पुन्हा काही नाही.

एकेक करून सगळे झाले. माझं नाव आलं नाही. मास्तर थांबले. मला वाटलं, काढलंच.

"आणि रायपूरचे शिट्टीवाले," मास्तर म्हणाले, "आहेत का?"

मी बटण दाबलं. "हाजिर, मास्तर. बाल्कनीतून बोलतो आहे. त्याच कड्यातून. पाणी अजून गरम झालं नाही."

बटण सोडलं. तेवढ्यात सोफ्यावरून अध्यक्ष उठलेच. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "सुन लीजिए. लाइन आ रही है."

मी माइक टेबलावर ठेवला. दोन्ही हात वर केले. तेव्हा रेडिओतून मास्तरच बोलत होते, माझ्याकडून एक वॅटही जात नव्हता. मी म्हटलं, भाभीजींना विचारा, अजून येते आहे का?

त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. ती तर सकाळी टीव्ही लावल्यापासून येते आहे, तुम्ही जायच्या आधीपासून. मग त्यांनी आपणहूनच घरातली बटणं बंद करून पाहिली असावीत, कारण थोड्या वेळानं म्हणाल्या, "पंखा बंद किया तो चली गई." पंख्याचा रेग्युलेटर अध्यक्षांनी स्वतः बसवलेला होता.

या गडबडीत मास्तरांचा अर्धा रिपोर्ट माझ्या हातून सुटला. ऐकू आलं ते एवढंच: "...पाच-आठ. आवाज साफ आहे. शिट्टी आली नाही. पुढच्या रविवारी हे कडं कसं केलं ते सगळ्यांले सांगजो. माह्या पोराच्या फ्लॅटमंधी जावं लागून राहिलं मले."

मी उत्तर द्यायला बटण दाबलं. नुसतं 'हव मास्तर' म्हणालो. हे हव इकडचं, रायपूरचं. पण त्यांना समजलं.

अध्यक्ष दारापर्यंत गेले, चप्पल घातली आणि वळले. हरलेला माणूस चप्पल घालेपर्यंतच हरलेला असतो.

"मैं बालकनी का भी नियम बनवा दूँगा," ते म्हणाले.

"बनवाइए. मैं कमरे के अंदर लगा लूँगा."

"अंदर का भी बनवा दूँगा."

"तो पलंग के नीचे लगा लूँगा. पर लगाऊँगा."

आतून पोह्यांची रिकामी ताटली उचलत बायको म्हणाली, "पलंगाखाली नाई जमत. तिथं माह्या पेट्या आहेत."

म्हणून कडं बाल्कनीतच आहे.